महाविद्यालयाचा संदेश खरा की खोटा? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

महाविद्यालयांच्या संगणक-सेवांमधील बदल आणि त्यांच्या आडून होणारी फसवणूक, या विषयावर गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी सुरू झाले, तरी हा एक जिल्हा करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पसरलेला आहे आणि करमाळ्याच्या मुलाने सोलापुरात येऊन खिडकीवर चौकशी करायची म्हटले, तर येण्याजाण्यातच त्याचा दिवस जातो. त्याच्यापुरते पाहिले तर मोबाइलवर येणारा संदेश हेच कार्यालय असते आणि म्हणून कार्यालयाची भाषा ज्याला उचलता येते, त्याच्या हाती कार्यालयावरचा विश्वासही आयताच पडतो. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाने मेल-सेवा बदलणार असल्याचे जाहीर केले होते. त्यानंतर चारच दिवसांनी ‘आयटी हेल्पडेस्क’ या नावाने मेल आला, की तुमचा मेलबॉक्स भरला असून २४ तासांत पडताळणी न केल्यास खाते बंद होईल. मी लिंक उघडून पासवर्ड भरला. पान कोरे झाले तेव्हा शंका आली. आता काय करावे? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : आधी काय करायचे ते सांगते, कारणे नंतर. दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून लगेच पासवर्ड बदला. मग खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडा, कारण चोर आधीच आत शिरलेला असेल, तर काही ठिकाणी नुसता पासवर्ड बदलल्याने तो बाहेर फेकला जात नाही. त्यानंतर खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि पर्यायी मेल तुमचाच आहे ना, ते पाहा. शेवटी मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ उघडा. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. आत शिरलेला माणूस आपले सगळे मेल स्वतःकडे वळवणारा एक नियम तेथे गुपचूप लिहून ठेवतो आणि पासवर्ड बदलून आपण निर्धास्त झालो, तरी पुढे कित्येक महिने आपली पत्रे त्याच्याकडे जात राहतात. तोच पासवर्ड परीक्षा अर्जासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा इन्स्टाग्रामसाठी वापरला असेल, तर तेथेही बदला. हे सगळे झाल्यावर महाविद्यालयाच्या संगणक केंद्राला कळवा. तुम्हाला आलेला मेल तुमच्या वर्गातल्या इतरांनाही आलेला असणार.

आता हा मेल इतका खरा का वाटला, ते पाहू. गुगलने शैक्षणिक संस्थांना पूर्वी दिलेली अमर्याद साठवण बंद करून २०२२पासून पूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली. हजारो खाती असलेल्या संस्थेत ती प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही, म्हणून अनेक संस्थांनी ‘जागा रिकामी करा’ अशा खऱ्याखुऱ्या सूचना काढल्या. फसवणाऱ्यांनी नेमका तोच विषय उचलला. तुमच्याकडे चार दिवस आधी झालेली घोषणा त्यांच्या पथ्यावर पडली. यात तुमच्या हुशारीत काही कमी होते असे मी मानत नाही.

लिंक तपासण्याची एक रीत मात्र हाताशी असावी. पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे येणारी पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्यापासून डावीकडे उलटे वाचत जायचे. तिला लागून जे येते तेच मालकाचे खरे नाव. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात महाविद्यालयाचे नाव आहे, मग आडवी रेघ, मग ‘एसी’, पुन्हा आडवी रेघ, मग ‘इन’ आणि अगदी शेवटी ‘डॉट टॉप’ आहे. डावीकडून वाचणाऱ्याला ते महाविद्यालयच वाटते, उजवीकडून वाचणाऱ्याला ‘डॉट टॉप’ पहिल्यांदा दिसते. ‘डॉट एसी डॉट इन’ हा शेवट आपल्याकडे एर्नेट इंडिया या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत शैक्षणिक संस्थांनाच मिळतो. तेथे ठिपक्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या, की तो पत्ता कोणीही कोठूनही विकत घेऊ शकतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. मधल्या वाटेवर कोणी वाचत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही.

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात वसतिगृहात राहते. ‘शिष्यवृत्ती अडकली आहे, आलेला ओटीपी सांगा,’ असा तिला फोन आला. फोन करणाऱ्याला तिचे नाव, वर्ग, अर्जाचा क्रमांक सगळे ठाऊक होते. माझ्या खात्यातून १८,५०० रुपये गेले. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिला. तिने ही गोष्ट मला दोन दिवसांनी सांगितली. (शेतकरी पालक, बार्शी तालुका)

उत्तर : दादा, हे पत्र वाचून फार वाईट वाटले. दोन दिवस गेले असले, तरी अद्याप केली नसेल तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आजच तक्रार करा आणि ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरही ती नोंदवा. तक्रार नोंदली, की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते आणि खात्यात जे शिल्लक असेल ते रोखून धरता येते. चोर मात्र रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलवून शेवटी एटीएममधून काढतो. म्हणून पहिल्या तास-दोन तासांना एवढी किंमत आहे. तक्रारीचा पोचक्रमांक, बँकेचा संदेश आणि व्यवहाराचा क्रमांक एका कागदावर उतरवून ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर तेच विचारतात.

बँकेच्या म्हणण्याविषयी अर्धवट धीर देण्यापेक्षा आहे ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली, तर तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. तेव्हा लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि तीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

शिष्यवृत्तीची रक्कम राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळामार्फत आधारशी जोडलेल्या खात्यात सरळ जमा होते. पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी फोनवर कोणाला ओटीपी सांगावा लागत नाही, तसा यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. अर्जाचा क्रमांक समोरच्याला कसा कळला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. शिष्यवृत्तीच्या याद्या नाव-क्रमांकांसह सूचना-फलकावर लागतात, त्यांचे फोटो गटागटांतून फिरतात आणि ज्याला हवे त्याला ते मिळतात. समोरच्याला आपली माहिती आहे, यावरून तो कार्यालयातला आहे असे ठरत नाही.

एक विनंती करते. मुलीला बोलू नका. ती दोन दिवस गप्प बसली ती पैशांच्या भीतीने नव्हे, तुमच्या रागाच्या भीतीने. संगणक केंद्रात माझ्यासमोर बसून रडलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी हेच सांगितले आहे. पुढच्या वेळी तिने पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला फोन करावा असे वाटत असेल, तर या वेळी तिला जवळ घ्या.

प्रश्न : निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. संस्थेने दुहेरी पडताळणी सक्तीची केली. आमच्या वस्तीवर रेंज नसते, ओटीपी येत नाही, वर्गात फोन बंद असतो. शिवाय दर महिन्याला पासवर्ड बदला असाही आदेश आहे. हे खरोखर आवश्यक आहे का? (मराठीचे प्राध्यापक, पंढरपूर)

उत्तर : सर, आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक संकेत मागणे, आवश्यक आहे. पहिल्या पत्रातील विद्यार्थिनीच्या खात्याला ती असती, तर नुसत्या चोरलेल्या पासवर्डवर चोराला आत येता आले नसते. आपली अडचणही खरी आहे आणि तिला चांगला मार्ग आहे. एसएमएसऐवजी ‘ऑथेंटिकेटर’ प्रकारचे ॲप घ्या. पहिल्यांदा जोडताना जो क्यूआर कोड दाखवला जातो, त्यातून एक गुप्त किल्ली आपल्या फोनमध्ये येते आणि तीच सर्व्हरकडेही असते. पुढे दोन्हीकडे ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या हिशोबाने दर ३० सेकंदांना सहा आकडे तयार होतात. बाहेरून काहीच यावे लागत नाही, म्हणून रेंज नसली तरी चालते. मात्र फोनचे घड्याळ मागेपुढे असले, तर आकडे जुळत नाहीत. वेळ ‘आपोआप’ वर ठेवा. त्याच पानावर एकदाच वापरण्याचे आठ-दहा राखीव संकेत मिळतात. ते छापून घरच्या कपाटात, सात-बाराच्या पिशवीत ठेवा. फोन हरवला, तर तोच कागद उपयोगी पडतो. इतके करूनही ते सहा आकडे कोणाच्या विचारण्यावरून सांगायचे नाहीत, हे आपल्याला सांगायला नकोच.

दर महिन्याच्या पासवर्ड-बदलाविषयी आपली तक्रार मला पटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७मध्येच, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये, असे मार्गदर्शन केले. कारण साधे आहे. माणूस महिन्याला नवा पासवर्ड शोधत नाही. गावाचे नाव, मग ॲट, मग १२३ आणि पुढच्या महिन्यात १२४ असे करतो आणि शेवटी कंटाळून कागदावर लिहून पडद्याला चिकटवतो. त्यापेक्षा एकच लांब पासवर्ड चांगला. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर आपल्या ध्यानात राहतील आणि यंत्राला सापडणार नाहीत. आपण मराठीचे आहात. जुन्या बोलीतला, शेतातल्या अवजारांचा किंवा भांड्यांचा एखादा विसरलेला शब्द त्यात घाला. देवाचे नाव, मुलांची नावे आणि जन्मसाल टाळा. संस्थेला पत्र लिहायचे असेल, तर मी मसुदा करून देईन.

प्रश्न : आम्ही प्रोजेक्ट, आधार, गुणपत्रक यांच्या प्रिंट महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काढतो. दुकानाच्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप उघडायचे आणि फाइल उतरवायची अशी पद्धत आहे. मैत्रिणीच्या आधारवर कोणीतरी सिम घेतल्याचे कळले. दोन्हींचा संबंध असेल का? (वसतिगृहातील विद्यार्थिनी)

उत्तर : असा संबंध असू शकतो, पण दुकानदारावर एकदम आळ घेऊ नका. परीक्षेच्या दिवसांत तेथे दहा मुले एकमेकांच्या खांद्यावरून वाकून उभी असतात. आधीच्या मुलीचे व्हॉट्सॲप उघडेच असते, तिच्या घरच्यांचा संदेश पडद्यावर येतो आणि पुढचा मुलगा त्याच खुर्चीत बसतो, हे मी स्वतः पाहिले आहे. व्हॉट्सॲप चार जादा उपकरणांशी जोडता येते आणि फोन अधूनमधून चालू राहिला, तर ती जोडणी आपण तोडेपर्यंत टिकते. आत्ताच फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी नाव दिसले, तर ‘लॉग आउट’ करा. दुकानात शक्यतो फाइल दुकानाच्या मेलवर पाठवा, प्रिंट झाल्यावर ‘डाउनलोड’ फोल्डरमधून आणि कचरापेटीतून ती आपल्यासमोर काढायला सांगा. बहुतेक दुकानदार आनंदाने करतात. त्यांनाही पोलिसांच्या चौकशीची कटकट नको असते.

आधारची प्रत देणे टळत नसेल, तर आधारच्या संकेतस्थळावरून मिळणारे झाकलेल्या क्रमांकाचे आधार वापरा. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. मैत्रिणीने ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या सेवेवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहावे आणि जे आपले नाही ते तेथेच नोंदवावे. दुसऱ्याची ओळख अशी वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिने तक्रार अवश्य द्यावी, कारण त्या सिमवरून उद्या काही घडले, तर पहिली विचारणा तिच्याकडे होईल.

प्रश्न : निकालाच्या दिवशी ‘निकाल डॉट एपीके’ अशी फाइल वर्गाच्या गटावर आली. माझ्या भावाने ती उघडली, काहीच दिसले नाही. फोन नीट चालतो आहे. काळजीचे कारण आहे का? (मोहोळ)

उत्तर : आहे. निकाल हा पीडीएफ किंवा संकेतस्थळावरचे पान असते, एपीके हे फोनमध्ये बसणारे ॲप असते. ते बसल्यावर दिसेनासे होते आणि एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली असेल, तर बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसरीकडे पोहोचतो. फोन लगेच ‘एअरप्लेन मोड’वर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते तात्पुरते थांबवा, अनोळखी ॲप काढा आणि फोटो वगैरे काढून घेऊन फोन पूर्ण कोरा करा. गटावर ती फाइल कोणाच्या नावाने आली, त्यालाही फोन करून सांगा. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याला ते माहीत नसते.

प्रश्न : आमच्या छोट्या महाविद्यालयात या वर्षी मेल, वायफाय आणि ग्रंथालयाचे लॉगिन असे तिन्ही बदलणार आहे. कार्यालयातील संगणक अजून विंडोज १०वर आहेत. विद्यार्थ्यांना सूचना कशी द्यावी, म्हणजे त्यांची फसगत होणार नाही? (प्राचार्या, सांगोला तालुका)

उत्तर : मॅडम, हा प्रश्न कार्यालयाच्या खुर्चीतून क्वचितच येतो, म्हणून आधी आपले आभार. संगणकांविषयी थोडक्यात सांगते. विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जे संगणक विंडोज ११ चालवू शकतात ते आधी बदला. जे शक्य नाहीत, त्यांच्यासाठी सशुल्क मुदतवाढ घ्या किंवा ते इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखनासाठी ठेवा. गुणांच्या नोंदी आणि फीचा हिशोब यांची एक प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप घालतो. आणि तसा मोठा हल्ला झालाच, तर केंद्राच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवणे २०२२च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, हे आपल्या लिपिकालाही ठाऊक असू द्या.

आता सूचनेविषयी. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होते, तेथे आम्ही मेल-सेवा बदलली. सूचना शुक्रवारी संध्याकाळी, कार्यालय बंद झाल्यावर गेली. ती पाठवली सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून, तीत आखूड केलेली लिंक होती आणि ‘२४ तासांत पासवर्ड न भरल्यास खाते बंद होईल’ असे ठळक अक्षरांत होते. ती सूचना खरी होती. त्या रात्री तीन अध्यापकांनी मला फोन करून विचारले, की हे चोर आहेत का. मी त्यांना म्हटले, भरा, आमचेच आहे. पुढच्या सत्रात तेच वाक्य, तोच २४ तासांचा धाक घेऊन खरा चोर आला, तेव्हा प्रयोगशाळेतील एका सहायकाने पासवर्ड भरून टाकला आणि मला म्हणाला, ‘मॅडम, मागच्या वेळी तुमचाच असा मेल आला होता ना!’ मला त्याला उत्तर देता आले नाही. आम्हीच त्याला ते शिकवले होते.

म्हणून मी कोणत्याही सूचनेत तीन गोष्टी येऊ देत नाही : घाई, लिंक आणि धाक. बदल किमान दहा दिवस आधी सांगावा आणि तोच मजकूर फलकावर, वर्गात आणि मेलवर एकाच शब्दांत असावा, म्हणजे ज्याला शंका येईल तो दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहील. आत जाण्याचा पत्ता ओळखपत्रावर छापून टाका आणि सूचनेत ‘नेहमीच्या पानावरून’ एवढेच लिहा. तीन बदल एकाच आठवड्यात करू नका. त्या गोंधळात चौथी, खोटी सूचना सहज मिसळते. ज्याने चुकून पासवर्ड भरला त्याने सांगायला यावे, त्याच्यावर कारवाई होणार नाही, हे आपल्या सहीने जाहीर करा. प्राचार्यांची सही पाहिल्यावर मुले येतात, हा माझा अनुभव आहे. आपल्याकडच्या मेलबदलासाठी मसुदा देते. वार आणि वेळ आपापल्या सोयीने घाला.

‘सूचना. महाविद्यालयाची मेल-सेवा येत्या २० तारखेला शनिवारी रात्री १० वाजल्यापासून रविवारी सकाळी ६ वाजेपर्यंत बंद राहील. या वेळात कोणी पाठवलेला मेल हरवणार नाही, तो रविवारी पोहोचेल. या बदलासाठी कोणालाही काहीही भरून पाठवायचे नाही. सोमवारी नेहमीच्या पानावरून लॉगिन करताना एकदा पासवर्ड विचारला जाईल. महाविद्यालय फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पासवर्ड अथवा ओटीपी मागत नाही. तसे कोणी मागितल्यास किंवा आपण तो दिला असल्यास संगणक केंद्रात, मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर, सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात यावे किंवा ओळखपत्राच्या मागे छापलेल्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. सांगणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.’